कडाक्याला एक मत कमी

आणि म्हणून सांगतो, मत देताना घाई करू नका — आ करा, अजून, अजून, हां — घाई करू नका म्हणजे मत कडाक्यालाच द्यायचंय, पण शांतपणे, विचार करून द्या. बधिर झालं का? ओठाला टिचकी मारतो, कळली तर डोळे मिचकावा. नाही ना? छान. आता तुम्हाला बराच वेळ काही बोलता यायचं नाही, म्हणजे आपली चर्चा मोकळेपणाने होईल. मंडळाच्या सभेत काय होतं, मी एक वाक्य संपवतो न संपवतो तोच आमचा चष्मेवाला, चष्म्याच्या दुकानाचा, उभा — अध्यक्षमहाराज, हरकत आहे! अरे, कशाला हरकत? मी नुसतं 'मित्रहो' म्हटलंय. इथं कसं, खुर्ची मागे कलती, दिवा डोळ्यांवर, तोंडात कापूस — समोरचा माणूस ऐकून घेतो. अर्धी प्रॅक्टिस मी त्याच्यासाठीच करतो असं हिचं म्हणणं होतं. हिचं म्हणजे माझ्या बायकोचं. होतं म्हणजे, आहे, अजूनही असेल, पण हल्ली ती इथं नाही, ते जाऊ द्या.

तुम्ही नवीन, तुम्हाला काही गोष्टी माहीत असायला हव्यात. बदली होऊन आलात, दिवसभर बँकेच्या खिडकीत बसता, गावात ओळखपाळख नाही, संध्याकाळ खायला उठते — लॉन्ड्रीवाला म्हणाला, साहेब, आमच्या दुकानाच्या वर हवामान मंडळ भरतं, चहा असतो, या. तुम्ही गेलात आणि वर्गणी भरून बसलात. त्यात लाजण्यासारखं काही नाही हो, सगळे असेच आलेत. घड्याळजी तर भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आला होता, तो अजून गेलेला नाही, आणि घड्याळही दुरुस्त झालेलं नाही. पण आता तुम्ही रीतसर सभासद आहात आणि आज संध्याकाळी येत्या हिवाळ्याच्या अंदाजाचं मतदान आहे — हलू नका, ड्रिल आहे, जीभ आत घ्या — तुम्ही म्हणाल, मतदान कशाला, थंडी पडायची तशी पडेल. म्हणाला असतात की नाही? नवीन माणूस हेच म्हणतो. अहो, तशी थंडी रस्त्यावरच्या माणसाला पडते. मंडळाच्या सभासदाला मंडळ जाहीर करील ती पडते.

आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिथं चालत नाही. प्रत्येकाची आपापली पद्धत आहे, वर्षानुवर्षं घासून पुसून तयार केलेली. लॉन्ड्रीवाला ओली चादर टांगून तिच्याखाली बादली ठेवतो आणि ठिबकणं कधी थांबतं ते बघत बसतो — गिऱ्हाईक काउंटरवर खोळंबलंय, हा बादलीपाशी. दोघी बहिणी आहेत, शिवणकाम करतात, एकीचा डावा गुडघा दुखतो, एकीचा उजवा. दोन्ही एकदम दुखले तर कडाक्याची थंडी, एकच दुखला तर विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब. चष्मेवाला काचेवर हाऽऽ करतो आणि वाफ किती वेळ टिकते ते बघतो — आता मला सांगा, याला काय शास्त्र म्हणायचं? त्यानं दुपारी काय खाल्लं त्यावर सगळं अवलंबून. आणि मी, मी दाढांवर जातो. हसू नका. तुमची ही खालची दाढ, तुम्हाला वाटतंय कीड लागली म्हणून दुखतेय. कीड लागलीच आहे, नाही म्हणत नाही, चांगलं भगदाड आहे — पण कीड तर केव्हाची होती, ठणका आत्ताच का लागला? का लागला? बघा, उत्तर नाही तुमच्याकडे. वरच्या दाढा दुखल्या की हिवाळा सौम्य, खालच्या दुखल्या की कडक. अक्कलदाढेवर मी अंदाज बांधत नाही, ती कुणाचंच ऐकत नाही. आणि सध्या बाहेरच्या बाकावर जाऊन बघा, सगळे खालच्या दाढेला हात लावून बसलेत.

तर पक्ष दोन. एक कडाकेवाले, एक गुलाबीवाले. मध्यंतरी तिसरा निघाला होता, 'गुलाबी पण पहाटे बोचरी', पण त्यात एकच माणूस होता आणि त्याचंही स्वतःशी जमलं नाही. नियम मात्र एकच, आणि तो हिनं केलेला — ही मंडळाची चिटणीस, अगदी पहिल्या सभेपासून. मंडळ जाहीर करील तोच हिवाळा, आणि सभासदानं सबंध मोसम त्याप्रमाणे वागायचं. कडाका जाहीर झाला की स्वेटर, मफलर, कानटोपी, दारं-खिडक्या बंद, बाहेर ऊन रखरखत असलं तरी. गुलाबी जाहीर झाली की अर्ध्या बाह्या, पातळ चादर, खिडकी सताड, आणि संध्याकाळी फिरायला जाऊन निदान एका अनोळखी माणसाला 'वा, काय छान हवा आहे' असं म्हणायचं. ती म्हणते, हे मी थट्टेत म्हटलं होतं. असेल. पण मी ते लगेच ठराव म्हणून मांडलं, सगळ्यांनी हात वर केले, आता थट्टा कशी राहील ती? थट्टेला अनुमोदक नसतो. आणि बरोबरच आहे ना नियम? जो तो अंदाज सांगतो आणि विसरून जातो, त्याला काय जातंय सांगायला? आम्ही अंदाज अंगावर घेतो. एका वर्षी कडाका जाहीर केला आणि थंडी फिरकलीसुद्धा नाही. व्यायामशाळेचे मास्तर ओव्हरकोटात घेरी येऊन पडले. तोंडावर पाणी मारलं, डोळे उघडले, पहिला शब्द काय काढला असेल? 'गारठलो.' याला म्हणतात निष्ठा! नंतर गुलाबीवाले झाले ते, पण ते नंतर.

थुंकायचंय? थुंका. डावीकडे वाटी आहे. पुन्हा आ.

गेल्या वर्षी गुलाबी होती. कुणी आणली? मी आणली. हो, मीच — भुवया वर करू नका, कपाळ हललं की जबडा हलतो. तेव्हा माझ्याकडे वरच्या दाढांची रांग होती, आकडा स्वच्छ होता, मी ठासून बोललो आणि गुलाबी दणदणीत मतांनी आली. ही एकटी कडाक्याच्या बाजूनं. चिटणीस म्हणून जाहीरनाम्यावर सही मात्र तिनंच केली, तक्रार नाही. आणि मग जे काही झालं — सकाळी गाड्यांच्या काचांवर बर्फाचा पापुद्रा, लोक नखांनी खरवडताहेत, आणि आम्ही सगळे अर्ध्या बाह्यांत, 'वा, काय छान हवा आहे!' लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. घड्याळजीची बोटं अशी थरथरायची, की सेकंदकाटा बसवायला जावं तर मिनिटकाटा निखळायचा. मास्तरांचा खोकला अजून आहे. पण एकानं स्वेटर घातला असेल तर शपथ! आमच्या घरात तर बघायला नको, अध्यक्षाचंच घर. पहिल्या आठवड्यात ही म्हणाली, मला थंडी वाजतेय. म्हटलं, नाही वाजणार. म्हणे, वाजतेय. म्हटलं, अगं, तुझ्या सहीनं गुलाबी जाहीर झालीय, वाजेल कशी? रजई काढली होती तिनं. मी ती परत माळ्यावर टाकली — रागानं नाही हो, मी रागावत नाही कुणावर — व्यवस्थित घडी करून, डांबराच्या गोळ्या घालून. त्यानंतर एक शब्द नाही बोलली. सबंध मोसमात नाही. नुसती दूध तापवत बसायची. गॅसपाशी स्टूल ओढून, कधी बघावं तेव्हा दूध तापवतेय. आता घरात माणसं दोन, मुलगी लग्न होऊन गेलेली, एवढं दूध पिणार कोण? मी एकदा म्हटलं, अगं, उतू जाईल. तर तेवढं एकदाच म्हणाली, लक्ष आहे माझं. मोसमाच्या शेवटी मास्तर माझा हात हातात घेऊन म्हणाले, अध्यक्ष, शिस्त बघावी तर तुमच्या घरात. भरून आलं हो मला.

चिमटा — बघा, पुन्हा हात मागे केला. सवय. मागे कुणी नाही, आपला आपण घ्यायचा. पूर्वी ही उभी असायची इथं, माझ्या उजव्या खांद्यामागे. मी नुसता हात मागे करायचा, वळूनही बघायचं नाही, आणि जे हवं ते हातात. कापूस म्हणजे कापूस, आरसा म्हणजे आरसा. मी कधी मागितलं नाही. मागावंच लागलं नाही. एकदा तर मी नुसता हात ताणला, आळस द्यायला, तर तिनं त्यात पाण्याचा ग्लास ठेवला, आणि खरंच तहान लागली होती मला. आता बघा, सगळं चुकीच्या ट्रेमध्ये.

कुठं गेली? मेहुणीकडे गेली. तिच्या धाकट्या बहिणीकडे. हिवाळा संपला आणि बॅग भरली. जिन्यात गाठलं मी तिला, म्हटलं, परत कधी येशील? पायरीवर थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली — नीट ऐका हं, शब्द महत्त्वाचे आहेत — म्हणाली, 'कडाक्याची थंडी पडली ना, की येईन.' मी हे चष्मेवाल्याला सांगितलं, तसा जुना मित्र आहे, पक्ष वेगळे असले म्हणून काय झालं. तर तो काचा पुसत म्हणतो, अरे, ही बोलायची पद्धत असते. सूर्य पश्चिमेला उगवला की येईन, तसं आहे हे. ती रागावून गेलीय, बाबा. मी म्हटलं, चष्मा काढ आणि नीट बघ. दुसऱ्या कुणाची बायको बोलत असेल तसं, ही हवामान मंडळाची चिटणीस आहे. ती नुसतं 'थंडी पडली की' म्हणाली असती तर मी संदिग्ध धरलं असतं. 'कडाक्याची' म्हणाली! विशेषण लावून म्हणाली! रागावलेला माणूस विशेषण लावतो का? आणि कडाक्याची थंडी पडली, हे ठरवणार कोण? मंडळ. कुणाच्या नियमानं? तिच्याच. म्हणजे आज संध्याकाळी कडाका जाहीर झाला की ती नियमानं बांधली गेली, तिला यावंच लागेल. यात कुठं फट आहे दाखवा मला. नाही ना? चष्मेवाल्यालाही सापडली नाही, त्यानं पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.

आता तुम्हाला समजलं असेल की मी पक्ष का बदलला. म्हणजे, तसं नाही — दाढांमुळेच बदलला, दाढा खरंच खालच्या आहेत, हे आधी. पण लोक काय काय बोलतात. मास्तर मला तोंडावर 'दलबदलू' म्हणाले, खोकत खोकत. बोला म्हटलं. मतं मोजली तर इकडे तीन, घड्याळजी आणि दोघी बहिणी. तिकडे तीन, चष्मेवाला, लॉन्ड्रीवाला आणि मास्तर. अध्यक्षाला मत नसतं, समसमान झाली तरच निर्णायक मत अध्यक्षाचं. म्हणजे तीन-तीन होऊन काम फत्ते होतं, मी आठवडाभर झोपेत हसत होतो — आणि लॉन्ड्रीवाल्यानं तुम्हाला वर बोलावलं. चहा असतो या म्हणे! अहो, त्यानं उभ्या जन्मात कुणाला फुकट एक बटण लावून दिलं नाही. तुम्ही गुलाबीला दिलंत की मी संपलो. तुमच्या दाढेनं ऐन मतदानाच्या दिवशी ठणका धरावा आणि तुम्ही माझ्याच खुर्चीत येऊन बसावं, याला मी योगायोग म्हणत नाही. तुमची दाढ तुमच्याहून शहाणी आहे. तिला कळलंय कुणाला मत द्यायचं ते. तुम्ही फक्त हात वर करायचा, बस्स. द्याल ना? मान हलवू नका! डोळे मिचकावा. एकदा म्हणजे हो. — मिचकावलेत की दिव्यामुळे मिटले? — असू दे, मी हो धरतो.

भगदाडात थोडं सिमेंट — घट्ट चावू नका अजून — थांबा हं, फोन थरथरतोय. ग्रुपवर असेल. चष्मेवाला सकाळपासून हाऽऽ केलेल्या काचांचे फोटो टाकतोय, आता मतदारांवर असा दबाव आणणं शोभतं का? तुम्हीच सांगा, शोभतं का? — 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' — अरे वा, आज भाषा बघा — 'की माननीय चिटणीसबाईंचे टपाली मत प्राप्त झाले आहे.' अहो! ऐकलंत? तिनं मत पाठवलं! म्हणजे लक्ष आहे तिचं, तिथं बसून लक्ष आहे! मी सांगत होतो ना या चष्मेवाल्याला, रागावलेलं माणूस टपाली मत पाठवत नाही. जन्माची कडाकेवाली ती, घरातले सगळे एकीकडे आणि ती एकीकडे, तरी कडाका सोडला नाही तिनं कधी. म्हणजे इकडे चार झाले! आता तुम्ही कुठंही मत द्या, तिकडे दिलंत तरी चार-चार, निर्णायक मत माझं — अहो, तुमची गरजच उरली नाही! रागावू नका हं, सिमेंट मी चांगलंच घालीन. थांबा, खाली वाचतो. 'वहिनींनी आपले मत' —

'गुलाबी.'

काही नाही. तोंड मिटू नका. वाळतंय.

गुलाबी, एवढंच आहे. एकच शब्द. त्यानं तिच्या पत्राचा फोटोही टाकलाय, तिचंच अक्षर, वेलांटी अशी लांब ओढते ती. खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा. दुसरं काही नाही. मागच्या बाजूला काही लिहिलंय का, ते फोटोत कसं दिसणार?

तिला ठाऊक होतं ना. नियम तिचा, जिन्यातला शब्द तिचा. तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक, की गुलाबी म्हणजे काय. कधी नव्हे ती तिनं बाजू बदलली. चष्मेवाला खाली काही टाकत नाहीये बघा, एक हात जोडलेलं चित्र नाही, अंगठा नाही. एरवी जिंकला की पन्नास अंगठे.

थांबा, पण हिशेब अजून आहे. तिकडे चार, इकडे तीन. तुम्ही कडाक्याला दिलंत की चार-चार. आणि चार-चार म्हणजे मी. म्हणजे कडाका येतो! तिचं मत काही असो, कडाका येतो, आणि तिला यावं लागतं. आणि ती येईल हो, नियमाची फार पक्की आहे. बॅग घेऊन जिना चढेल, एकेक पायरी. स्वेटर घालेल. इथं खांद्यामागे येऊन उभी राहील, मी हात मागे केला की चिमटा देईल. मी म्हणेन, आलीस? ती म्हणेल, जाहीर झालंय ना. बास. पुढं सबंध मोसम काही बोलणार नाही. मला माहीत आहे ते, गेल्या वर्षी ऐकलंय मी ते, सबंध मोसम, गॅसचा आवाज तेवढा यायचा.

दूध नव्हती हो तापवत ती.

नाही, तुम्ही नका काही — तुम्हाला बोलता येणार नाही. बरंय. पुसा तो कोपरा, लाळ येतेय.

हे बघा, मी काय म्हणतो. संध्याकाळी तुम्ही गुलाबीला हात वर करा. हो, गुलाबीला. मघाशी काय बोललो ते सोडा. लॉन्ड्रीवाला खूश होईल, तुमचे शर्ट कडक इस्त्रीचे येतील महिनाभर. तुम्ही तिकडे गेलात की इकडे तीन, तिकडे पाच, विषय संपला. चार-चार नको. चार-चार झालं की निर्णय माझ्या हातात येतो, आणि माझ्या हाताचा मला भरवसा नाही. — दाढेबाबत नाही हो! दाढेबाबत आहे, उठू नका, एवढी कड घासून देतो, नाहीतर जिभेला लागत राहील. मला ती यायला हवीय. फार हवीय. पण ठराव करून आणलेली नको. ठराव करून आणली तर ती येईल आणि तरी येणार नाही, असलं काहीतरी होईल, मला नीट सांगता येत नाही, मी दातांचा डॉक्टर आहे.

झालं. गुळणी करा. चावून बघा — उंच लागतंय? नाही? मग उठा सावकाश, घेरी येते कधीकधी. दोन तास या बाजूनं काही खाऊ नका. सभेत माझ्याकडे बघू नका, सरळ हात वर करा आणि खाली घ्या. आणि उद्यापासून हा कोट चालणार नाही तुम्हाला, अर्ध्या बाह्या. हो, वाजतेय ना? दिसतंय मला, दातावर दात आपटताहेत तुमचे. इथंही गार झालंय केव्हाचं, बोटं वळत नाहीयेत माझी.

जा तुम्ही. बाकावर जे बसलेत त्यांना म्हणावं, आज डॉक्टर बघणार नाहीत कुणाला. आणि ते दार — नको, नका लावू. खिडकीही राहू द्या उघडी. वाजू दे मला.